दार उघडण्याआधी

ढब्बूच्या पट्ट्याला दोन बिल्ले आहेत. एकावर त्याचं नाव आणि माझा फोन नंबर, दुसरा रेबीजच्या लशीचा. तो चालायला लागला की ते एकमेकांवर आपटतात आणि बारीक किणकिण होते. घरात मी कुठेही असले तरी त्या आवाजावरून तो कुठे आहे ते मला कळतं. त्या संध्याकाळी ती किणकिण माझ्या गुडघ्याला घासून गेली आणि दुसऱ्या क्षणी ती दाराबाहेर होती.

झालं होतं ते अगदी साधं. लेकीने मागचं दार उघडलं, कोड दाबायला उशीर झाला आणि घराचा अलार्म कोकलायला लागला. आम्ही तो बंद केला आणि आपापल्या कामाला लागलो. अलार्म कंपनीने खात्री करून घ्यायला फोन केला, तेव्हा माझा फोन वरच्या खोलीत चार्जिंगला होता. कोणी उचलत नाही म्हटल्यावर त्यांनी पोलिसांना कळवलं. वीसेक मिनिटांनी बेल वाजली. पार्सल आलं असेल म्हणून मी बाहेर कोण आहे ते न बघताच दार उघडलं.

दारात पोलीस होता. त्याचा जोडीदार हातात टॉर्च घेऊन घराच्या बाजूने मागच्या फाटकाकडे निघाला होता. आम्ही इतकी वर्षं अमेरिकेत राहतोय, पण पोलीस दारात उभा असण्याची ती पहिलीच वेळ. मी काही बोलणार तोवर ढब्बू चौकटीच्या आणि माझ्या पायाच्या मधून निसटला. तीस किलोचं जनावर. शेल्टरच्या कागदावर त्याच्या जातीपुढे फक्त ‘मिक्स’ लिहिलंय. डोकं लॅब्रेडॉरचं, आणि छाती अशा कुत्र्याची, की ज्याला बघून लोक फुटपाथ बदलतात.

मी ओरडले, “ढब्बू, थांब! मागे ये! बस, बस म्हणते ना!”

ढब्बूला आम्ही सगळं मराठीतून शिकवलंय. त्या पोलिसाला मात्र मराठीचा एक शब्दही कळणं शक्य नव्हतं. मोठा कुत्रा सरळ त्याच्या दिशेने येतोय आणि मागून एक बाई त्याला अनोळखी भाषेत जिवाच्या आकांताने काहीतरी सांगतेय. ती त्याला परत बोलावतेय की अंगावर सोडतेय, हे त्याने कशावरून ठरवायचं? मी हे नंतर, रात्री अंथरुणात पडल्या पडल्या पाहिलं. त्या क्षणी मला फक्त त्याचा उजवा हात दिसला. तो कमरेकडे गेला होता.

पुढे जे घडलं ते त्या माणसामुळे घडलं, माझ्यामुळे नाही. त्याने एक पाय मागे घेतला, कुत्र्याकडे टक लावून न बघता अंग तिरकं केलं, आणि तोंडाने हलकंसं ‘चक् चक्’ केलं. ढब्बूचा वेग मोडला. त्याने बूट हुंगले, मग पँट हुंगली, आणि मग नवीन माणूस आवडला की तो जे करतो तेच केलं. त्याच्या गुडघ्याला स्वतःचं सगळं वजन टेकवून उभा राहिला. सगळं मिळून चार-पाच सेकंद झाले असतील.

“माझ्याकडेही दोन आहेत,” तो म्हणाला. आणि मग, आवाज न चढवता, “पण घरात कुत्रा आहे हे मला दार उघडण्याआधी कळायला हवं होतं, मॅडम.”

मी माफी मागितली. ते गेले. मी दाराची कडी लावली आणि तिथेच जमिनीवर बसले. लेक जिन्यावर उभी राहून सगळं बघत होती. तिने विचारलं, “आई, ते पोलीस आहेत हे ढब्बूला कसं कळणार होतं?”

त्या प्रश्नाने मला त्या रात्री झोपू दिलं नाही. पुढचे कित्येक महिनेही तो माझ्यासोबत आहे.

कुत्र्याला काय कळतं? बेल वाजली की घरातल्या माणसांची धांदल होते, एवढं कळतं. उंबऱ्यावर एक परका उभा आहे, त्याच्या अंगाला चामडं, धातू, तेल आणि दुसऱ्या कुत्र्यांचा वास आहे, खांद्यावर एक डबी मधूनच खरखरते, हातातला उजेड डोळ्यांत येतो, एवढं कळतं. आपल्या माणसाचा आवाज चिरकलाय हेही कळतं, आणि त्यावरून काहीतरी भयंकर घडतंय असा अर्थ तो काढतो. युनिफॉर्म म्हणजे काय, वॉरंट म्हणजे काय, कमरेचा तो काळा तुकडा काय करू शकतो, हे त्याला कधीच कळणार नाही. तो कुतूहलाने धावत जातो, आनंदाने धावत जातो, घाबरूनही धावत जातो. समोरच्याला तिन्ही सारखंच दिसतं. साधारण मोठा कुत्रा ताशी तीस किलोमीटरने सहज पळतो. म्हणजे पंचवीस फुटांचं अंतर तो एका सेकंदात कापतो. शेपटी कशी हलतेय, कान पुढे आहेत की मागे, पाठीवरचे केस उभे आहेत का, हे सगळं वाचायला त्या एका सेकंदात सराव लागतो. तो सराव प्रत्येक पोलिसाला असतोच असं नाही.

मी त्या रात्री वाचायला बसले. आधी राग होता. त्याचा हात कमरेकडे गेलाच का? माझ्याच दारात, माझ्याच कुत्र्यासाठी? मला माझ्या बाजूची उदाहरणं हवी होती आणि ती भरपूर मिळाली.

२००८च्या जुलैमध्ये मेरीलँड राज्यातल्या बर्विन हाइट्स या छोट्या गावचे महापौर चाय कॅल्व्हो कुत्र्यांना फिरवून घरी आले. दारात त्यांच्या पत्नीच्या नावाचं एक खोकं पडलं होतं, ते त्यांनी आत आणून ठेवलं. त्या खोक्यात गांजा होता. निरपराध लोकांच्या पत्त्यावर माल पाठवायचा आणि मधेच उचलायचा, अशी एका टोळीची ती युक्ती होती. कॅल्व्हो कुटुंबाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. थोड्याच वेळात सशस्त्र पथक दार फोडून आत शिरलं आणि पेटन आणि चेस हे त्यांचे दोन काळे लॅब्रेडॉर गोळ्या घालून मारले. चेस तर पळून जात होता, असं कॅल्व्होंनी सांगितलंय.

२०१४च्या जूनमध्ये सॉल्ट लेक सिटीत तीन वर्षांचं एक मूल हरवलं म्हणून पोलीस घराघरांतून शोध घेत होते. एक अधिकारी एका घराच्या कुंपण घातलेल्या मागच्या अंगणात शिरला. मालक घरी नव्हता. अंगणात गाइस्ट नावाचा, वाइमारानर जातीचा कुत्रा होता. अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली. मूल स्वतःच्याच घराच्या तळघरात झोपलेलं सापडलं.

या दोन घरांत मालकाने काय करायला हवं होतं? कुंपण होतं. दार बंद होतं. गुन्हा नव्हता. इथे मालकाची जबाबदारी असं कोणी म्हणायला लागलं तर मला ते ऐकवत नाही. ज्याचं कुत्रं मेलंय त्यालाच ‘तू काळजी घ्यायला हवी होतीस’ म्हणणं हे फार क्रूर आहे.

पण वाचता वाचता उदाहरणांचा दुसरा ढीगही साचत गेला, आणि तो बाजूला सारणं मला जमेना.

२०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न शहरात एक माणूस रस्त्यावर चाललेल्या पोलिसांच्या कारवाईचं चित्रण करत होता. त्याच्यासोबत त्याचा रॉटवायलर होता, मॅक्स. पोलीस आपल्याकडे येताहेत हे बघून त्याने शहाणपणाने कुत्र्याला गाडीत ठेवलं आणि स्वतः हात मागे करून उभा राहिला. गाडीची काच मात्र खाली होती. मालकाला बेड्या पडताना दिसल्यावर मॅक्स खिडकीतून बाहेर आला आणि रस्त्यावरच त्याला गोळ्या लागल्या. कोणीतरी काढलेला त्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. मी तो अर्ध्यावर बंद केला. पोलिसांनी त्या माणसाला पकडायला हवं होतं का, गोळी झाडायला हवी होती का, यावर माझी मतं आहेत आणि ती पोलिसांच्या बाजूची नाहीत. पण डोळे मिटले की मला ती खिडकी दिसते. त्या माणसाने जवळजवळ सगळं बरोबर केलं होतं.

‘जबाबदारी’ आणि ‘दोष’ हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. गोळी झाडली त्याचा दोष झाडणाऱ्याचा, हे मला आजही तितकंच खरं वाटतं. पण दोष ठरतो तो नंतर, चौकशीत, कोर्टात, वर्तमानपत्रात. तोवर कुत्रा मेलेला असतो. जबाबदारी आधीची असते. ती काचेच्या बटणात असते, कडीत असते, दारामागच्या खुंटीवरच्या लीशमध्ये असते. ती माझ्याकडे आहे ती मी गुन्हेगार आहे म्हणून नव्हे, तर त्या पाच सेकंदांत माझ्याशिवाय त्याला कोणीही नाही म्हणून.

दोष ठरवणारेही कुत्र्याकडे आपल्या नजरेने पाहत नाहीत. अमेरिकेच्या कायद्यात कुत्रा म्हणजे संपत्ती. याच व्याख्येतून त्याला थोडंफार संरक्षणही मिळतं. सरकारने माणसाच्या मालमत्तेवर अवाजवी हात टाकू नये असं संविधानाची चौथी दुरुस्ती सांगते, आणि कुत्र्याला मारणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच, असं पश्चिमेकडच्या राज्यांच्या संघीय अपील न्यायालयाने १९९४ साली म्हटलं. त्याच न्यायालयाने २००५ मध्ये सॅन होजेच्या पोलिसांना खडसावलं. एका मोटरसायकल क्लबच्या सदस्यांच्या घरांची झडती घ्यायची होती. तिथे कुत्रे आहेत हे पोलिसांना आठवडाभर आधी माहीत होतं, तरी गोळी घालण्यापलीकडे त्यांच्याकडे कुठलीच योजना नव्हती. तीन कुत्रे मेले. आठवडाभर हातात असताना तुम्ही विचार का केला नाही, असा न्यायालयाचा रोख होता. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण विचार आधी करायचा असतो ही अपेक्षा त्याने बंदूक हातात असलेल्याकडून केली.

मात्र मिशिगनमधल्या एका झडतीत मारल्या गेलेल्या दोन पिटबुल्सच्या खटल्यात २०१६मध्ये वेगळ्या एका अपील न्यायालयाने पोलिसांच्या बाजूने कौल दिला. कुत्र्याकडून तात्काळ धोका आहे असं त्या परिस्थितीत वाटणं रास्त होतं, असं ठरलं. आणि नुकसानभरपाई? मेरीलँडमध्ये घरफोड्यांच्या तपासासाठी घरोघर फिरणाऱ्या एका पोलिसाने २०१४मध्ये व्हर्न नावाच्या, चेसापीक बे रिट्रीव्हर जातीच्या कुत्र्याला त्याच्याच अंगणात मारलं. ज्युरीने मालकाला बारा लाख डॉलरांहून जास्त रक्कम द्यायला सांगितली होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये सांगितलं की पाळीव प्राण्याच्या मृत्यूची भरपाई त्या वेळच्या कायद्याने ७,५०० डॉलरांपर्यंतच मिळू शकत होती. आकडा कितीही असो, कोर्टातून कुत्रा परत येत नाही. माझा कायद्यावरचा भरवसा त्या रात्री दाराच्या कडीवर येऊन थांबला.

आणखी दोन घटना सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. त्या वाचल्यापासून हा प्रश्न माझ्यासाठी फक्त कुत्र्याचा राहिला नाही. २०१५च्या जानेवारीत आयोवातल्या बर्लिंग्टनमध्ये घरगुती भांडणाच्या तक्रारीवरून एक पोलीस आला. कुत्रा त्याच्या अंगावर आला, पोलिसाने गोळी झाडताना बर्फावरून त्याचा तोल गेला, आणि गोळी घरातल्या बाईला लागली. ती गेली. २०१९च्या ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या आर्लिंग्टनमध्ये गवतावर पडलेल्या एका बाईची विचारपूस करायला पोलीस गेला होता. तिच्याजवळचा मोकळा कुत्रा त्याच्याकडे धावला. त्याने कुत्र्यावर झाडलेली गोळी त्या बाईला लागली. तिला मदत करायलाच तो आला होता.

आमच्या दारातही ढब्बूच्या मागे मी उभी होते आणि माझ्या मागे जिन्यावर लेक होती. पोलीस, कुत्रा, मी, लेक, चौघं जवळजवळ एका रेषेत. ही रेषा मी बरेच दिवस नवऱ्यालाही सांगितली नाही.

कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात एक वाक्य बसलेलं असतं: “काही करत नाही हो तो!” लिफ्टमध्ये कोणी अंग चोरलं की आपण ते म्हणतो, बागेत कोणाचं मूल दचकलं की म्हणतो. मीही शेकडो वेळा म्हटलंय. वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. पण ते ज्याला सांगतो त्याच्या उपयोगाचं नसतं. मला ढब्बू सहा वर्षं माहीत आहे, म्हणून मला त्याच्या धावण्यात लाड दिसतात. समोरच्याला तो अर्ध्या सेकंदापूर्वी पहिल्यांदा दिसलाय. माझी सहा वर्षं त्याच्या अर्ध्या सेकंदात मावणार कशी? शिवाय ‘काही करत नाही’ हे मी शपथेवर सांगू शकते का? दिवाणखान्यात, ओळखीच्या माणसांत, हो. पण अंधारात, भोंगा वाजल्यानंतर, माझा आवाज फाटलेला असताना तो काय करेल हे मलाही माहीत नाही. तेव्हा तो मला घाबरलेली बघतो, आणि मला राखणं हे त्याच्या रक्तात आहे. ज्या निष्ठेसाठी आपण कुत्रा पाळतो, त्याच निष्ठेने तो त्या क्षणी पुढे होतो. म्हणूनच तो क्षण त्याच्या वाट्याला येऊ न देणं एवढंच आपल्या हातात उरतं.

हे मला लोकांना फार सांगावंसं वाटतं आणि सांगताना फार अवघडायला होतं. कारण ऐकणाऱ्याला वाटतं, ही पोलिसांची बाजू घेतेय. नाही. पोलिसांकडून माझ्या अपेक्षा या सगळ्या वाचनानंतर वाढल्याच आहेत. इथले पोस्टमन रोज, आयुष्यभर, अनोळखी अंगणांत शिरतात. २०२३ या एका वर्षात त्यांच्यावर कुत्र्यांनी ५,८००हून जास्त हल्ले केले, असं टपालखात्याचीच नोंद सांगते. त्यांच्याकडे बंदूक नसते. खांद्यावरची टपालाची पिशवी ते स्वतःच्या आणि कुत्र्याच्या मधे धरतात, स्प्रे वापरतात, फाटक वाजवून थांबतात, आणि कुत्र्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरतात. हे शिकवता येतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०११मध्ये पोलिसांसाठी या विषयावर एक पुस्तिकाच काढली. कोलोरॅडोने २०१३मध्ये कायदा करून पोलिसांना कुत्र्यांची देहबोली ओळखायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि शक्य असेल तेव्हा मालकाला आपला कुत्रा आवरायची संधी द्यावी असंही त्यात घातलं. टेक्सासनेही २०१५मध्ये असं प्रशिक्षण आणलं. त्याच टेक्सासच्या ऑस्टिन शहरात २०१२मध्ये एक पोलीस चुकीच्या पत्त्यावर गेला होता. अंगणात मालक आपल्या सिस्को नावाच्या कुत्र्याशी फ्रिस्बी खेळत होता. पोलिसाने मालकावर बंदूक रोखली, कुत्रा धावत आला आणि मारला गेला. लोकांच्या संतापानंतर तिथल्या पोलिसांना आपले नियम बदलावे लागले. हे बदल आपोआप झाले नाहीत. कुत्री गमावलेल्या माणसांनी दुःख गिळून सभांमध्ये, कोर्टांत उभं राहून ते घडवून आणले. माझ्या दारात आलेल्या माणसाने अंग तिरकं केलं, नजर खाली घेतली, हे त्याला कोणीतरी शिकवलं असेल किंवा घरच्या दोन कुत्र्यांनी शिकवलं असेल. कोणीही शिकवलं असो, त्यात कुठेतरी त्या माणसांचा वाटा आहे असं मला वाटतं.

‘संधी द्यावी’ हे कायद्यातले शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. संधी मिळाली, तर ती घेता येण्याइतकी माझी तयारी आहे का?

नव्हती. म्हणून दुसऱ्या दिवसापासून सुरुवात केली. दाराच्या आत, चार फुटांवर, लहान मुलांसाठी असतं तसं एक जाळीचं फाटक बसवलं. आता बेल वाजल्यावर ढब्बू दारापर्यंत पोचूच शकत नाही. लीश कपाटातून काढून दारामागच्या खुंटीवर आली. अलार्म कंपनीला फोन करून आमच्या नोंदीत ‘घरात मोठा कुत्रा आहे’ असं लिहून घेतलं आणि नवऱ्याचा नंबर दुसरा म्हणून दिला. मागच्या फाटकाला कुलूप लावलं आणि कुत्रा असल्याची पाटी लावली. पाटीने चोर घाबरतो की नाही याच्याशी मला देणंघेणं नाही, कुंपणावरून आत येणाऱ्याला आधी कळावं एवढाच हेतू. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय, कधी ९११ला फोन करायची वेळ आली तर पत्त्यापाठोपाठ कुत्र्याचं सांगायचं. मदत मागताना आपण आग सांगतो, छातीतली कळ सांगतो, कुत्रा सांगायचं सुचत नाही. आणि घाबरलेला कुत्रा दारात उभा असेल तर अँब्युलन्सवाल्यांनाही आत येता येत नाही.

गाडीत तो आता मागच्या सीटवर, पट्ट्याला अडकवलेल्या हार्नेसमध्ये बसतो. त्याला वाऱ्यात तोंड काढून बसायला आवडायचं. आता काच त्याचं नाक बाहेर येईल एवढीच खाली असते. सुरुवातीला तो माझ्याकडे बघून कुईं करायचा आणि माझा जीव तुटायचा. पोलिसाने गाडी थांबवलीच तर हात स्टिअरिंगवर ठेवून पहिलं वाक्य कुत्र्याबद्दलचं बोलायचं, आणि त्याला धरायला मागे वळण्याआधी विचारायचं, हे मी नवऱ्याबरोबर खरोखर बोलून, तालीम केल्यासारखं पाठ केलंय. आपल्यासारख्या दिसणाऱ्या, वेगळ्या उच्चारांत बोलणाऱ्या माणसांचं अचानक मागे वळणंही कोणाला कसं दिसेल, याचा विचार इथे करावा लागतो. तो आम्ही करतो.

एक गोष्ट मात्र कितीही तयारी केली तरी मला झेपेल का, सांगता येत नाही. कुत्रा सुटला आणि पोलीस म्हणाला ‘हलू नका’, तर हलायचं नाही. त्याच्या मागे धावायचं नाही, मधे पडायचं नाही. जागेवरून, शांत आवाजात हाक मारायची, एवढंच. त्या दिवशी मी धावले नाही, पण तो शहाणपणा नव्हता, माझे पाय हलेचनात. शांत आवाज म्हणजे काय, हे मी आता रोज शिकतेय. ढब्बू लांब पळत असताना त्याला चिडून नाही, घाबरून नाही, जेवायला बोलावल्यासारखी हाक मारायची. तो आला की दर वेळी, अगदी दर वेळी, त्याला खाऊ द्यायचा. किंचाळून बोलावलं तर कुत्रा यायचा थांबतो, हे त्याच्या ट्रेनरने आम्हाला सहा वर्षांपूर्वीच सांगितलं होतं.

आणि त्याला इंग्रजी शिकवलं. हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतंय. मराठी ही त्याची माझ्यासोबतची भाषा होती. शेल्टरमधून आणला तेव्हा तो कोणाच्याच हाकेला येत नव्हता. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ‘ये रे बाळा, ये’ म्हणायचे आणि तिसऱ्या आठवड्यात तो आला. त्या घरगुती शब्दांवर आमचं सगळं उभं आहे. पण दारात, रस्त्यावर, परक्या माणसासमोर माझे शब्द त्या परक्यालाही कळायला हवेत. तेव्हा ‘थांब’च्या जोडीला ‘स्टे’ आला, ‘ये’च्या जोडीला ‘कम’. लेकीने शिकवलं. तिला दोन आठवडे लागले. घरात आम्ही अजूनही मराठीच बोलतो त्याच्याशी.

मागच्या महिन्यात संध्याकाळी बेल वाजली. या वेळी मी आधी काचेतून पाहिलं. पोलीस होता, एकटाच, तरुण. मी दाराआडूनच मोठ्याने सांगितलं, “घरात कुत्रा आहे. त्याला आत बंद करून येते, एक मिनिट द्या.” तो म्हणाला, “सावकाश या.” मी ढब्बूला पट्ट्याला धरून बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, मुख्य दाराबाहेर गेले आणि ते पाठीमागे ओढून घेतलं.

पलीकडच्या गल्लीतले एक वयस्कर गृहस्थ दुपारपासून घरी परतले नव्हते. त्यांना विस्मरणाचा आजार आहे. आमच्या दारावरच्या कॅमेऱ्यात ते दिसतात का, ते त्याला बघायचं होतं. मी फोनवर चित्रण काढून दिलं. तीन वाजून काही मिनिटांनी करड्या स्वेटरमधले ते आजोबा कॅमेऱ्यासमोरून संथपणे जाताना दिसले, तलावाच्या दिशेने. त्याने लगेच रेडिओवर तसं कळवलं. रात्री शेजारणीचा निरोप आला की ते सापडले, सुखरूप आहेत.

जाताना आतून दारावर पंजा घासल्याचा आवाज आला, तसा तो पोलीस थबकला. “नाव काय त्याचं?” त्याने विचारलं. मी सांगितलं. त्याने दोनदा म्हणून पाहिलं, ‘ढ’ काही त्याला जमेना, आणि मग हात पुढे करून तो शेकहँड करून गेला.

मी आत आले, बाथरूमचं दार उघडलं. ढब्बू रुसला होता. शेपटी हलली नाही. मग त्याने माझा उजवा हात हुंगला आणि कान टवकारले. नाक तळव्याला लावून, बोटांच्या मधे घालून, तो त्या परक्या माणसाचा वास घेत राहिला. मी तशीच चौकटीत बसून राहिले, हात पुढे करून, त्याचं होईपर्यंत.